पिजोच्या जागी डीआय, आणि हातात उरलेले दहा दिवस

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांचं पत्र आहे. थोडक्यात असं:

«वडिलांच्या नावावर 1994 ची महिंद्राची एमएम 540 जीप आहे, एमएच-10. 2022 मध्ये क्रँक तुटला. मिरजेच्या मिस्त्रीनं भंगारातल्या महिंद्रा कमांडरचं डीआय इंजिन बसवून दिलं. ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणून 6,000 रुपये वेगळे घेतले आणि काहीच केलं नाही. पुनर्नोंदणीला गाडी नेली तेव्हा इन्स्पेक्टरनी इंजिन नंबर जुळत नाही असं लिहून घेतलं. नंतर एक रजिस्टर आलं, ते दंडाचं असेल म्हणून वडिलांनी परत पाठवलं. आता नोंदणी रद्द केल्याचा आदेश आलाय. आईनं सही करून घेतला, साधारण पंधरा-वीस दिवस झाले. मिस्त्री म्हणतो, आरसीवरचा जुना नंबर या ब्लॉकवर ठोकून देतो. चालेल का? की मिस्त्रीवर केस करू?»

मूळ पिजो (प्यूजो) इंजिन काढून डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन, बसवलंत, त्याचं नंतर बघू. आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट आधी शोधा.

‘साधारण पंधरा-वीस दिवस’ असं कायद्यात काही नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 57 प्रमाणे नोंदणी रद्द करण्याच्या आदेशावर अपील करता येतं आणि त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांची आहे. वीस गेले असतील तर दहा उरले. पाकिटावर टपालाचा नंबर असतो. तो पोस्टाच्या संकेतस्थळावर टाकला की पोहोचल्याची तारीख कळते. ती तारीख कागदावर लिहा, पाकीट आदेशाला टाचा आणि या आठवड्यात वकील गाठा. आईनं घेतलं म्हणजे वडिलांना मिळालं नाही, असा मुद्दा काढायच्या भानगडीत पडू नका. मुदतीत बसत असताना मुदतीवर वाद घालणं म्हणजे पुलावरून जायची सोय असताना कृष्णेत उडी मारणं. अपील वडिलांच्या नावानं आणि त्यांच्याच सहीनं जाईल, कारण नोंदणीकृत मालक ते आहेत. तुम्ही गाडी चालवता, एवढ्यानं तुम्हाला अधिकार मिळत नाही.

हे सगळं टळलं असतं. कलम 55(5) सांगतं की गाडीवर कोरलेला इंजिन किंवा चॅसिस नंबर आरसीतल्या नंबरापेक्षा वेगळा निघाला, तर मालकाला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यायची आणि कारणं लेखी नोंदवून नोंदणी रद्द करायची. म्हणजे तुमच्या वडिलांनी परत पाठवलं ते दंडाचं चलन नव्हतं, बोलण्याची संधी होती. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेलेलं टपाल कायद्यानं बजावलेलंच धरलं जातं. माझ्याकडे महिन्याला एक तरी असा माणूस येतो ज्याच्या घरी रजिस्टर म्हणजे संकट, आणि न घेतलं की संकट पोस्टमनबरोबर परत जातं अशी समजूत असते. त्यामुळे ‘आम्हाला ऐकूनच घेतलं नाही’ हा मुद्दा अपिलात लिहायला हरकत नाही, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. आदेशात कारणं नीट लिहिलीत का, ते मात्र तुमच्या वकिलाला बारकाईनं वाचू द्या. तीन ओळींचा छापील आदेश असेल तर तिथं पकड मिळू शकते.

आता ज्यावर अपिलाचा खरा निकाल लागेल, तो प्रश्न. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही: जुन्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचा मुख्य सांगाडा, कुठे आहे?

क्रँक तुटला म्हणजे ब्लॉक गेला असं नाही. आरसीतला इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, क्रँकवर नाही. तो ब्लॉक मिस्त्रीच्या शेडमागे किंवा तुमच्याच गोठ्यात पडला असेल आणि लाइन बोरिंग करून, स्लीव्ह टाकून, दुसरा क्रँक बसवून उभा राहण्यासारखा असेल, तर तुमच्याइतका नशीबवान पक्षकार मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. डीआय उतरवा, पिजो परत चढवा. नंबर जुळला, इंजिन मूळचं, फेरबदल उरलाच नाही. मग अपिलात सांगायचं एवढंच की गाडी मूळ स्थितीत आणली आहे, पुन्हा तपासणी करा आणि आदेश मागे घ्या. अपील अधिकाऱ्याला योग्य वाटेल तो आदेश देता येतो. अशा गाडीची नोंदणी रद्दच ठेवायला त्याच्याकडे फारसं कारण राहणार नाही, असं माझं मत आहे. खात्री देत नाही. ब्लॉक भंगारात गेला असेल तर कोणाला विकला ते आजच विचारा, उद्यापर्यंत तो वितळलेला असायचा.

ब्लॉक गेलाच असेल तर वाट लांबची आहे. मिस्त्री लोक म्हणतात, «महिंद्राचंच आहे की, फरक काय?» फरक आरसीच्या एका रकान्यात दिसतो. तुमच्या आरसीवर 2112 सीसी असणार. पिजोच्या एक्सडीपी इंजिनाचा बोर (सिलिंडरचा व्यास) 90 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 83, चार सिलिंडर. एका सिलिंडरचं घनफळ काढून चारनं गुणा, 2112 च येतं. बसवलेलं डीआय 2523 सीसीचं. पिजोत डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये पेटतं, म्हणून त्याला हीटर प्लग लागतात. डीआयमध्ये ते थेट सिलिंडरमध्ये पडतं. डीआयला अॅव्हरेज बरं मिळतं, म्हणून निम्म्या जिल्ह्यानं हा उद्योग केला, हे मलाही माहीत आहे. पण कलम 52 मधला इंजिनबदल ‘त्याच मेकचं आणि त्याच टाइपचं’ या शब्दांवर चालतो. मेक जुळला, टाइप नाही. शिवाय माउंटिंग जुळत नाही म्हणून चॅसिसवर ब्रॅकेट कापून वेल्डिंग केलं असेल, तर तोही फेरबदलच. निर्मात्याच्या मूळ तपशिलाला सोडून गाडी बदलता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा डीआयचा नंबर आरसीत चढवून घेऊ, या आशेवर पैसे घालवू नका.

मग 2112 सीसीचंच दुसरं पिजो शोधायचं. ते घेताना पक्कं बिल हवं आणि बिलावर इंजिन नंबर हवा. ज्या गाडीतून ते निघालं तिची आरसी रद्द झाल्याचा कागदही हवा. गाडी कायमची निकामी झाली की तिच्या मालकानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण भंगारवाल्याला जीप विकणारा ते करत नाही आणि घेणारा विचारत नाही. या वेळी परवानगी आधी, पाना नंतर. फेरबदल करून 14 दिवसांत कळवायची तरतूद कलम 52(3) मध्ये आहेच. ते 14 दिवस तुम्ही 2022 मध्येच घालवलेत, म्हणून हे लिहितोय.

हे 30 दिवसांत होणार नाही, व्हायची गरजही नाही. अपील आधी दाखल करा. त्यात लिहा की चुकीचं इंजिन काढायला तयार आहोत, मुदत द्या. सोबत मिस्त्रीचं किंवा सुट्या भागांच्या दुकानाचं कोटेशन जोडा. नुसत्या शब्दांपेक्षा कोटेशनला वजन असतं.

नंबर ठोकण्याबद्दल. इन्स्पेक्टरच्या अहवालात डीआयचा नंबर आणि सीसी उतरलेत. आता त्याच ब्लॉकवर पिजोचा नंबर उगवला तर कोणी आणि केव्हा ठोकला याचा तपास करायला पोलिसांना फार अक्कल लागणार नाही. घासलेला नंबरही जात नाही. ठोकताना खालचा धातू दबलेला असतो आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून तो परत वाचता येतो. आज तुमच्यावर आहे ते परवानगीशिवाय फेरबदलाचं प्रकरण. कलम 182अ(4) मध्ये 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं लिहिलंय. शिक्षा किती होईल हे न्यायाधीशांवर आहे. नंबर ठोकलात की ते फसवणूक आणि बनावटीचं होतं. आणि ते कमांडरचं इंजिन उद्या चोरीचं निघालं तर चोरीचा माल बाळगल्याचं कलम, जुन्या दंडसंहितेचं 411, आता न्याय संहितेचं 317, डोक्यावर येईल. तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा हवी, आणि ती जागा ठोकलेल्या नंबरानं बुजते. मिस्त्रीला सांगा, हातोडा खाली ठेव.

तोवर जीप रस्त्यावर आणू नका, बागेतून बेदाण्याच्या शेडपर्यंतसुद्धा. नोंदणी रद्द असलेली गाडी चालवली तर पहिल्या वेळी दंड 5,000 पर्यंत, आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात. तिथून सोडवताना काय हाल होतात ते विचारू नका. विम्याचंही तसंच. वैध नोंदणी नसताना गाडीचं नुकसान झालं तर कंपनी दावा नाकारू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये म्हटलंय. तिसऱ्या माणसाला लागलं तर कंपनीनं आधी भरून नंतर तुमच्याकडून वसूल करणं, असंही होऊ शकतं. मधल्या काळात जीप वडापला, म्हणजे भाड्यानं प्रवासी नेण्याला, लावली होती का, ते मी विचारत नाही. तुमच्या वकिलाला मात्र खरं सांगा.

कोणी तुम्हाला सांगेल की थेट हायकोर्टात रिट टाका, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आलंय, मुंबईला जायलाही लागत नाही. खरं आहे. पण पहिल्याच दिवशी न्यायमूर्ती विचारतील, अपील का केलं नाही? आणि त्यात तुमचे उरलेले दहा दिवस जातील.

मिस्त्रीवरची केस सगळ्यात शेवटी. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. 2022 पासून धरली तर ती केव्हाच संपली. नंबराचा घोळ पुनर्नोंदणीच्या वेळी कळला, म्हणून तिथून मोजा, असं म्हणता येईल. पण डीआय बसवतोय हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यामुळे इंजिनाबद्दलची तक्रार मला लंगडी वाटते. 6,000 ची गोष्ट वेगळी. पैसे घेऊन काम केलं नाही, ही सेवेतली कसूर आहे. विलंबमाफीचा अर्ज जोडून बघता येईल. पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. ते वाचून आम्ही वकील एकमेकांकडे बघून हसतो. तुमच्याकडे त्या 6,000 चा काय पुरावा आहे? फोनवरून पाठवले असतील तर बँकेचा उतारा काढून ठेवा. रोख दिले असतील, तर त्या केसपेक्षा मिस्त्रीकडूनच जुना ब्लॉक फुकटात बांधून घ्यायचं जमतंय का बघा. त्यालाही आयोगाची नोटीस नकोच असेल.