सासूबाई म्हणतात "एक कागद चिकटवायला व्हिएन्नाला जायलीस का?" : नांदेडच्या ताईंना उत्तर

नांदेडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. भूशास्त्र शिकवतात, तासिका तत्त्वावर. महिन्याला सरासरी २८ हजार पडतात पण ते चार-चार महिने उशिरा येतात. लातूर-नांदेड भागातल्या काळ्या पाषाणात पाणी कुठं मुरतं नि कुठं अडतं यावर त्यांनी काम केलंय, आणि त्यांचं पोस्टर, म्हणजे संशोधन एका मोठ्या कागदावर मांडून समोर उभं राहून समजावायचं, ते ईजीयूच्या म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या व्हिएन्नातल्या परिषदेत घेतलंय. एजंटनं २ लाख ६५ हजारांचं पॅकेज दिलंय. जवळ आहे काय तर सेव्हिंगला ७० हजार, ३ लाखांची एफडी, पाच तोळे सोनं, आणि बारा जणांची महिना दहा हजारांची भिशी, तिचा नंबर जुलैत. एफडी मोडू, सोनं ठेवू का भिशी आत्ताच बोलीत उचलू, हा प्रश्न. सासूबाईंचं म्हणणं वर दिलंच आहे. मिस्टर म्हणतात एवढं चाललोच तर पॅरिसपण उरकून घेऊ.

ताई, आधी सासूबाईंचं बघू, कारण त्यांचा हिशेब तसा चुकत नाही. पोस्टरसमोर उभं राहायचा तुमचा वेळ पावणेदोन तासांचा, तोही एकाच दिवशी, आणि त्यासाठी पावणेतीन लाख म्हणजे कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागातली मुलगी तिथलंच भूजल घेऊन उभी राहते तेव्हा समोर थांबणारा माणूस असेच प्रश्न विचारतो जे इथं कुणी विचारत नाही, आणि पुढच्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेची, ओळख तिथंच होते. म्हणून माझं मत, जा. फक्त २ लाख ६५ हजारात नका जाऊ.

पॅकेज फोडून बघितलं. तिकीट ७२ हजार, हॉटेल सात रात्री रोजचे १६५ युरो, व्हिसा-इन्शुरन्स १८ हजार, नोंदणी, पोस्टर आणि खाणंपिणं मिळून ५४ हजार. युरो १०५ रुपयांनी धरला तर एकटं हॉटेलच १ लाख २१ हजारांचं झालं! तिकिटापेक्षा झोपायलाच जास्त. आणि का, तर ते "व्हेन्यूच्या समोर" आहे म्हणून. हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. दिल्लीला एका ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा मीपण समोरचंच हॉटेल घेतलेलं, सकाळी खिडकीतून हॉल दिसायचा पण मध्ये सहा पदरी रस्ता नि दुभाजकाला लोखंडी जाळी, रोज रिक्षानं वळसा घालून जायचो आणि वर त्या "समोर"चे पैसे मोजलेले.

ही परिषद ऑस्ट्रिया सेंटरमध्ये भरते, त्याच्या दारातच मेट्रोचं स्टेशन आहे, काइझरम्यूलेन, यू-१ लाईनवर. त्या आठवड्यात हजारो माणसं शहरात उतरतात नि आसपासची हॉटेलं भाव चढवून बसतात. तुम्ही यू-१ लाईन धरा. उत्तरेला काग्रान किंवा लिओपोल्डाऊ, दक्षिणेला केप्लरप्लात्स किंवा रॉयमानप्लात्स, यातल्या कुठल्याही स्टेशनजवळ साधी रूम किंवा चांगलं हॉस्टेल बघा, गाडी न बदलता पोचाल. एअरपोर्टवरून मुख्य स्टेशनला, म्हणजे हाउप्टबानहोफला, रेल्वे आहे, साधारण पंधरा मिनिटं, आणि तिथंच खाली यू-१. एअरपोर्टवर सिटी एअरपोर्ट ट्रेनच्या मोठ्या पाट्या दिसतील, ती महाग आणि तुमच्या लाईनवर सोडतपण नाही.

आणि सात रात्री कशाला? तुमचा दिवस धरून चार रात्री बास. ६० युरोची रूम धरली तर २४० युरो, म्हणजे २५ हजार. एका फटक्यात ९६ हजार वाचले.

बाकीचं पटकन सांगतो. व्हिसाची फी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज आणि निदान ३० हजार युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स, हे स्वतः केलं तर १३ हजारांत बसेल. दिवस कमी झाले की खाण्याचा खर्चपण उतरतो, ५४ चे ४६ धरा. एकदा व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला नि एकदा विमानाला असं दोनदा मुंबई, त्याचे ५ हजार, देवगिरी नाहीतर नंदीग्राम आहेच. वर अडीअडचणीला ९ हजार. सगळं मिळून १ लाख ७० हजार.

आता पैसे कुठून. एफडी मोडू नका, ज्यांचा पगार चार महिने लटकतो त्यांची एफडी म्हणजे घरातलं धान्य आहे. भिशी बोलीत आत्ता उचलली तर १४ हजार सोडावे लागतील असं तुम्हीच लिहिलंय, ते तर विसराच. सोनं ठेवून साडेनऊ टक्क्यांनी १ लाख घेतले तर पाच महिन्यांचं व्याज चार हजारांच्या आसपास, वर मूल्यांकनाची फी वेगळी. त्यापेक्षा बँकेत जाऊन एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ओडी) मागा, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तसे पैसे उचलायची सोय. तुमची एफडी ७ टक्क्यांची, बँक साधारण एक-दोन टक्के वर लावते, साडेआठ धरा, म्हणजे १ लाखावर पाच महिन्यांचे साडेतीन हजार, एफडी चालू राहते, सोनं कपाटात राहतं, आणि जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज. जुलैत भिशी आली की १ लाख त्यात भरून टाका. सेव्हिंगचे ७० नि हे १०० झाले, एवढंच लागतंय. फक्त हे करताना सेव्हिंग कोरडं होणार, म्हणून ओडीची मर्यादा दोन लाखांची घ्या आणि वरचे एक लाख हातच लावू नका. पगार अजूनच लटकला किंवा घरात कुणी आजारी पडलं तर तेवढा आधार.

आणखी एक, पैसे कुठल्या क्रमानं भरता यावर बरंच अवलंबून आहे. व्हिसा नाकारला तर फी परत येत नाही, ते ठीक आहे, पण हॉटेल नि तिकीटसुद्धा बुडालं तर रडू येईल. म्हणून रूम फ्री कॅन्सलेशनवालीच घ्या, दहा युरो जास्त गेले तरी चालतील. तिकिटाचं आधी नुसतं रिझर्व्हेशन दाखवा, पैसे व्हिसा हातात आल्यावर. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, त्यामुळं अपॉइंटमेंट आजच बघा, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. आणि बँक स्टेटमेंट भारी दिसावं म्हणून भावाकडून दोन लाख खात्यावर फिरवून आणू नका, बघणाऱ्याला ते लगेच कळतं. तुमची एफडी, आयटीआर, कॉलेजची ऑर्डर आणि प्राचार्यांचं एनओसी एवढं पुरेसं बोलतं. तरीही नाहीच झालं तर परिषदेत ऑनलाइन सहभागाची सोय असते, आयोजकांना लगेच मेल टाका.

खर्च करताना साधं डेबिट-क्रेडिट कार्ड घासू नका. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनात खर्चाचा जादा आकार, नि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५० हजारांवर दोन हजार पासष्ट रुपये उगाच. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच युरो भरून ठेवायचं कार्ड, घ्या, शंभरेक युरो रोख ठेवा. तिथलं मशीन रुपयात का युरोत विचारेल, युरो दाबा. टीसीएसची, म्हणजे परदेशी खर्चावर आधीच कापून घेतात त्या कराची, भीती एजंटनं घातली असेल तर तो टूर पॅकेजवर लागतो, स्वतः फॉरेक्स घेतलं तर वर्षाला १० लाखांच्या आत लागत नाही, निवांत राहा.

पॅरिस नको. मिस्टरांना सांगा त्याचं तिकीट, रूम, जेवण सगळं दुप्पट आणि पैसे सगळे कर्जाचे.

खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी बांधून न्या, दोन दिवस निघतात. तूप, पेढे, खव्याचं काही नको, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपात बंदी आहे. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी उतरलात तर त्याच दिवशी ब्रेड-फळं घेऊन ठेवा. पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका, तिथं नळाला १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, तुमच्या विषयाचंच आहे, ग्लास भरून घ्या नि बघा.

आणि पोस्टर नांदेडलाच छापा, कागदावर नको, कापडावर. घडी घालून बॅगेत बसतं, विमानात नळकांडं सांभाळत बसावं लागत नाही. छापणाऱ्याला आडवा साईज सांगा, नाहीतर तो सवयीनं उभाच काढून ठेवतो. घरी आल्यावर सासूबाईंना दाखवा, कागद नव्हता म्हणावं, कापड होतं.