हँडबॉल चॅम्पियन्स लीगच्या 2015-16 च्या अंतिम सामन्यात क्येल्त्सेने नऊ गोलांची पिछाडी भरून काढली, तो केवळ नशिबाचा भाग होता का?

युरोपातील क्लबांच्या या स्पर्धेच्या, 29 मे 2016 रोजी जर्मनीतील कोलोन येथे झालेल्या अंतिम सामन्यात पोलंडच्या क्येल्त्से संघाने हंगेरीच्या वेस्प्रेमविरुद्ध नऊ गोलांनी मागे असताना विजय मिळवला, तो नशिबाने की खेळाच्या जोरावर, असा आपला प्रश्न आहे. नशिबाचा वाटा मी नाकारत नाही. मात्र त्या शेवटच्या पाव तासाचा हिशेब मांडला, तर क्येल्त्सेच्या पराक्रमाइतकीच वेस्प्रेमची घसरणही ठळक दिसते आणि त्या घसरणीची काही कारणे स्पर्धेच्या रचनेतच होती, असे माझे मत आहे.

आधी रचनेविषयी. त्या हंगामापासून स्पर्धेत 28 संघ खेळवण्यात आले. बलाढ्य संघ आठ-आठच्या दोन गटांत आणि उरलेले संघ सहा-सहाच्या दोन गटांत विभागलेले होते, त्यामुळे वरच्या गटांतील प्रत्येक संघाला साखळीतच 14 सामने खेळावे लागले. त्यानंतरच्या बाद फेऱ्या पार करून जे चार संघ उरतात, त्यांची उपांत्य फेरी शनिवारी आणि अंतिम सामना लगेच रविवारी, अशी कोलोनची पद्धत 2010 पासून रूढ होती. सुमारे 20 हजार प्रेक्षकांसमोर सलग दोन दिवस तेवढ्याच ताकदीने खेळणे ही हँडबॉलमधील बहुधा सर्वांत कठोर परीक्षा असावी, कारण या खेळात धावणे जितके असते तितकेच अंगाला अंग भिडवून ढकलणे आणि अडवणेही असते.

वेस्प्रेमवरचा भार एवढ्यावर थांबत नव्हता. हा संघ 2014 पासून आग्नेय युरोपातील अनेक देशांच्या क्लबांसाठी असलेल्या सेहा लीगमध्येही खेळत होता. तिचे 2014-15 आणि 2015-16 असे दोन्ही हंगाम त्याने जिंकले, शिवाय हंगेरीतील अजिंक्यपदही राखले. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याचा प्रशिक्षक बदलला होता आणि तोवर साहाय्यक असलेल्या शावी साबाते यांच्याकडे सूत्रे आली होती. लास्लो नॉज, मोमिर इलिच आणि आइसलँडचा आरोन पाल्मारसन असे खेळाडू असल्यामुळे संघाची ताकद मात्र वादातीत होती.

क्येल्त्सेची वाट निराळी होती. सुमारे दोन लाख वस्तीच्या या शहराचा संघ 2013 आणि 2015 मध्ये कोलोनहून तिसरा क्रमांक घेऊन परतला होता. मुख्य प्रशिक्षक तालांत दुइशेबाएव यांनी त्याआधी स्पेनच्या सिउदाद रेआल संघाला याच स्पर्धेची तीन विजेतेपदे मिळवून दिली होती. उपांत्यपूर्व फेरीत क्येल्त्सेने जर्मनीच्या फ्लेन्सबुर्गला दोन सामने मिळून अवघ्या एका गोलाने मागे टाकले, म्हणजे हा संघ कोलोनला पोहोचला तोच काठावरून. गतविजेत्या बार्सिलोनाला जर्मनीच्याच कील संघाने त्याच फेरीत घरी पाठवले होते.

उपांत्य फेरीत क्येल्त्सेने पॅरिस सेंट जर्मेनला 28-26 असे निर्धारित वेळेत हरवले, तर वेस्प्रेमला कीलविरुद्ध 31-28 असा विजय मिळवण्यासाठी जादा वेळ खेळावा लागला. साठऐवजी सत्तर मिनिटे खेळून जिंकणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणे, याची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागतेच.

अंतिम सामन्यात ती बराच वेळ दिसली नाही. मध्यांतराला वेस्प्रेम 17-13 असा पुढे होता आणि साधारण पाव तास उरला असताना फलक 28-19 असा झाला होता. क्येल्त्सेचे कट्टर समर्थकही तेव्हा मनातून हरले असतील. हँडबॉलमध्ये दर सामन्यात एका संघाच्या वाट्याला ढोबळमानाने पन्नास ते साठ आक्रमणे येतात, म्हणजे पाव तासात जेमतेम तेरा ते पंधरा. तेवढ्यांतून नऊ गोलांचा फरक बुजवायचा, तर स्वतःचे बहुतेक प्रयत्न गोलात जावे लागतात आणि प्रतिस्पर्ध्याचे जवळजवळ सर्व प्रयत्न रोखावे लागतात. प्रत्यक्षात तसेच घडले: त्या काळात क्येल्त्सेने दहा गोल केले आणि वेस्प्रेमने फक्त एक. अगदी शेवटी क्शिश्तोफ लियेव्स्कीने 29-29 अशी बरोबरी साधून दिली.

यातले दहा गोल हा कौतुकाचा विषय झाला. मला मात्र तो एक गोल अधिक बोलका वाटतो. जगातील इतके अव्वल आक्रमक हाताशी असलेला संघ पंधरा मिनिटांत एकदाच गोल करतो, हे केवळ थकव्याने होत नाही. कारण त्याच थकलेल्या वेस्प्रेमने पुढे दहा मिनिटांच्या जादा वेळेत सहा गोल केले आणि सामना 35-35 असा बरोबरीत ठेवला. पाय चालत होते, हेच त्यातून सिद्ध होते. घसरण झाली ती मुख्यतः आघाडी राखण्याच्या वृत्तीमुळे, असे मला वाटते. वेळ काढण्याच्या नादात आक्रमण संथ होते, निष्क्रिय खेळाचा, म्हणजे गोलाचा प्रयत्न न करता चेंडू ताब्यात ठेवल्याचा, इशारा म्हणून पंचांचा हात वर जातो आणि मग घाईघाईने, वाईट कोनातून फेक करावी लागते. अशी प्रत्येक फसलेली फेक प्रतिस्पर्ध्याला जलद प्रतिहल्ल्याची संधी देते. हात वर गेल्यानंतर आक्रमणाला किती मुभा द्यायची, हे त्या वेळी सर्वस्वी पंचांच्या विवेकावर होते. जास्तीत जास्त सहा पासची मर्यादा जुलै 2016 पासून, म्हणजे या सामन्यानंतर काही आठवड्यांतच लागू झाली.

नशिबाची खरी जागा त्यापुढे येते. कोलोनमधील अंतिम सामन्याचा निकाल सात मीटर फेकींवर, म्हणजे फुटबॉलमधील पेनल्टींसारख्या फक्त गोलरक्षकासमोर घ्यायच्या फेकींवर, लागण्याची ती पहिलीच वेळ होती. क्येल्त्सेने त्या 4-3 अशा जिंकल्या, हुलेन आगिनागाल्देने निर्णायक गोल केला आणि 39-38 या फरकाने चॅम्पियन्स लीग प्रथमच पोलंडच्या क्लबकडे गेली. स्पर्धेच्या त्या अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र पराभूत संघातील पाल्मारसनला मिळाला. 2014 मध्ये तो कील संघात असताना त्या संघाने अंतिम सामना गमावला, तेव्हाही हा मान त्यालाच मिळाला होता.

    

नशीब फिरते म्हणावे, तर क्येल्त्सेच्याही वाट्याला ते आले: 2022 च्या अंतिम सामन्यात याच सात मीटर फेकींवर बार्सिलोनाने त्याला हरवले आणि 2023 मध्ये जादा वेळेत जर्मनीच्या माग्डेबुर्गने एका गोलाने. वेस्प्रेम 2019 मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि उत्तर मॅसिडोनियाच्या वारदार स्कोप्येकडून 27-24 असा हरला.