ओटीटीवर काय दाखवावे, हे ट्राय ठरवते का?

नाही, नेटफ्लिक्स किंवा ॲमेझॉन प्राइमवरील मालिकांच्या आशयावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा म्हणजे ट्रायचा अधिकार चालत नाही, तो विषय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने कार्यवाटप नियमांत, म्हणजे कोणते काम कोणत्या मंत्रालयाकडे हे ठरवणाऱ्या नियमांत, दुरुस्ती करून हे क्षेत्र त्या मंत्रालयाकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वयोगटानुसार वर्गीकरण व त्रिस्तरीय तक्रार निवारण (आधी स्वतः कंपनी, मग कंपन्यांची स्वयंनियामक संस्था आणि शेवटी सरकार) आणले. मालिका सुरू होताना कोपऱ्यात दिसणारी ‘यू/ए १६+’ ही खूण त्यातलीच. राजकारणाचा प्रश्न उभा राहतो तो तिसऱ्या स्तरावर, कारण तेथे वेगवेगळ्या मंत्रालयांच्या प्रतिनिधींची आंतरविभागीय समिती बसते, आणि सत्तेवर टीका करणाऱ्या मालिकेबद्दलची तक्रार अखेर सरकारच्याच टेबलावर जावी, ही गोष्ट मला मनापासून खटकते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये याच नियमांतील नीतिसंहिता, म्हणजे आशयाबाबतची आचारसंहिता, पाळण्याचे बंधन घालणारा नियम ९(१) आणि त्यासाठी त्रिस्तरीय रचना सांगणारा नियम ९(३) यांना स्थगिती दिली होती, त्यामागे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा होता. मात्र दूरसंचार नियमन या चित्रातून पूर्णपणे बाहेर आहे, असे समजू नये: ट्रायच्या फेब्रुवारी २०१६ च्या विनियमानुसार मोबाइल कंपन्यांना ग्राहक कोणता आशय पाहतो यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावता येत नाहीत, आणि एखादे संकेतस्थळ रोखायचे झाल्यास त्या आदेशाची अंमलबजावणी इंटरनेट सेवा पुरवठादारांनाच करावी लागते.