पायची किंमत मोजतात की काढतात?

प्रश्न : माझ्या आठवीतल्या मुलाने परातीच्या कडेभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजला. तो ११०.५ सेंमी भरला, व्यास ३५ सेंमी, म्हणजे भागाकार ३.१५७. मग गणितज्ञ पायचे (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) लाखो अंक कसे काढतात आणि ते बरोबर आहेत हे कसे कळते?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : मुलाची पद्धत बरोबरच आहे, पण व्यास ३५ ऐवजी ३५.२ धरला तर भागाकार ३.१३९ येतो. अवघ्या दोन मिलिमीटरने दुसरा दशांश बदलतो, म्हणून गणितज्ञ पाय मोजत नाहीत, तर्काने काढतात.

वर्तुळात बसवलेल्या नियमित षटकोनाची बाजू त्रिज्येइतकी असते, त्यामुळे त्याची परिमिती व्यासाच्या बरोबर तिप्पट भरते आणि पाय ३ पेक्षा मोठा असल्याचे सिद्ध होते. आर्किमिडीजने बाजू दुप्पट करत ९६ पर्यंत नेल्या, बाहेरूनही तितक्याच बाजूंची आकृती घेतली आणि पायला ३ १०/७१ व ३ १/७ यांच्यामध्ये पकडले.

पुढची झेप मला अधिक मोलाची वाटते. केरळातील संगमग्रामच्या माधवाने चौदाव्या शतकाच्या सुमारास आकृती बाजूला ठेवून श्रेणी दिली : १ – १/३ + १/५ – १/७ … असे पुढे जात राहिले की बेरीज पायच्या चौथ्या हिश्श्याकडे सरकते. मात्र ती फार सावकाश सरकते; दहा पदांच्या बेरजेची चौपट केली तरी ३.०४१८ एवढेच हाती लागते. पण राहिलेली तूट किती, याचाही अंदाज त्याच परंपरेने बांधला होता. दहा पदांसाठी त्यातली एक दुरुस्ती ४०/४०१ आहे. ती मिळवताच ३.१४१५९०२ येते, म्हणजे पहिले पाच दशांश बरोबर. मुलाला हे वहीत करून पाहता येईल.

आज संगणकावर बहुधा चुदनोव्स्की बंधूंचे सूत्र वापरतात. त्यात प्रत्येक पदागणिक सुमारे चौदा नवे अंक मिळतात.

राहिला पडताळणीचा प्रश्न. विल्यम शँक्स यांनी हाताने आकडेमोड करून १८७३ पर्यंत ७०७ दशांश प्रसिद्ध केले होते. १९४० च्या दशकात डी. एफ. फर्ग्युसन यांनी निराळ्या सूत्राने गणित केले, तेव्हा शँक्स ५२८व्या स्थानापासून चुकल्याचे उघड झाले. म्हणूनच आजही संगणकाने काढलेले अंक दुसऱ्या, स्वतंत्र सूत्राशी ताडून पाहतात.