वाचकांचे प्रश्न : माझ्या नावाचं दुसरं खातं

प्रश्न : फेसबुकवर माझं नाव आणि माझाच फोटो लावून कुणीतरी खातं उघडलंय. तिथून माझ्या ओळखीच्यांकडे पैसे मागितले जाताहेत. पासवर्ड बदलला, तरी प्रकार थांबत नाही.

उत्तर : पासवर्ड बदलून हे थांबणार नाही, कारण तुमच्या खात्यात कुणी शिरलेलंच नाही. उघड दिसणारा फोटो आणि मित्रांची नावं उचलली, की असं खातं काही मिनिटांत तयार होतं.

असे भामटे बरेचदा खऱ्या माणसाला ब्लॉक करून ठेवतात. त्यामुळे ते खातं तुम्हाला शोधूनही सापडत नसेल, तर ज्याला रिक्वेस्ट आली त्याला ते उघडायला सांगा. त्याने आधी लिंक आणि स्क्रीनशॉट घ्यायचा. खातं उडालं की पुरावाही जातो. मग प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत जाऊन 'रिपोर्ट' करायचं. तिथे 'मित्राच्या नावाने वावरणारं खातं' अशा अर्थाचा पर्याय निवडून तुमचं खरं खातं दाखवून द्यायचं. कुणी पैसे पाठवले असतील, तर त्याने सगळं बाजूला ठेवून आधी बँकेला कळवावं.

आता पुढची सोय. सेटिंगमध्ये फ्रेंडलिस्ट 'ओन्ली मी' करा. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. यादी झाकली, तरी 'पब्लिक' फोटोखाली लाइक आणि कमेंट करणाऱ्यांची नावं उघडीच राहतात. भामट्याला तेवढी पुरतात! म्हणून 'लिमिट पास्ट पोस्ट्स' हे बटण वापरा. सगळ्या जुन्या पब्लिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या होतात. मात्र हे एका फटक्यात उलटवता येत नाही, आणि टॅग केलेल्या माणसांना त्या पोस्ट दिसत राहतात. जुने प्रोफाइल फोटोही एकदा तपासा.

प्रश्न : मोबाइल नंबर प्रोफाइलवर लपवला आहे. तरी अनोळखी लोक नंबरावरून मला शोधतात. कसं?

उत्तर : नंबर कुणाला दिसावा आणि नंबरावरून तुम्हाला कुणी शोधावं, ही दोन वेगळी सेटिंग्ज आहेत. तुम्ही पहिलंच बदललंय. दुसरंही 'ओन्ली मी' करा. हे किरकोळ समजू नका. एप्रिल २०२१मध्ये फेसबुकच्या सुमारे ५३ कोटी खात्यांची माहिती नंबरांसह इंटरनेटवर फुकट वाटली गेली. ती सप्टेंबर २०१९च्या आधी, संपर्कयादीवरून ओळखीचे शोधून देणाऱ्या सोयीचा गैरवापर करून गोळा केलेली होती. नंबरांच्या याद्या पुरवायच्या आणि जुळणारी खाती टिपून घ्यायची, अशी ती युक्ती.

दुहेरी पडताळणीसाठीही (म्हणजे पासवर्डनंतर मागितल्या जाणाऱ्या कोडसाठी) एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच कोड तयार करणारं ॲप वापरा, म्हणजे कुणी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं तरी कोड त्याच्या हाती लागत नाही. सोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. ते नसले आणि फोन हरवला, तर स्वतःच्याच खात्याबाहेर अडकाल.

प्रश्न : इन्स्टाग्राम खातं 'प्रायव्हेट' केलं, आता निर्धास्त राहू ना?

उत्तर : नाही. आधीचे फॉलोअर तसेच राहतात. यादी चाळा आणि अनोळखी नावांपुढे 'रिमूव्ह' दाबा. त्यांना सूचना जात नाही. बायो आणि प्रोफाइल फोटो मात्र प्रायव्हेट खात्यातही सगळ्यांना दिसतात, तेव्हा फोन नंबर किंवा मुलांच्या शाळेचं नाव तिथे असेल तर आजच काढा.