अल्बियनच्या ब्लॅक झोनमध्ये किती किमतीचा गिअर घालून जावं? मरायची भीती वाटते, पण यलोमध्ये पैसे सुटत नाहीत

अल्बियन ऑनलाइन हा गेम (ब्लॅक झोन म्हणजे जिथे मेलं की अंगावरचं सगळं जातं, यलोत तसं नाही) मी जेमतेम दोन महिने खेळलोय, तरी लिहितोय, कारण नेमक्या याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या जुन्या रूममेटचं अजूनही वाजतं. आमचं प्रकरण ईव्ह ऑनलाइनचं, म्हणजे अंतराळातल्या जहाजांच्या गेमचं.

२०१६ च्या नोव्हेंबरात ईव्ह फुकट खेळता यायला लागलं आणि कर्वेनगरच्या फ्लॅटवर आम्ही दोघं त्यात घुसलो. तो हाय-सेकमध्ये, म्हणजे पोलीस असलेल्या सुरक्षित भागात, दगड फोडत (खाणकाम करत) बसायचा, तासाला ठरलेले पैसे, म्हणजे एफडीच. मी हेरॉन नावाचं छोटं शोधजहाज घेऊन नलसेकमध्ये. तिथे सिक्युरिटी ०.० किंवा त्याच्याही खाली, पोलीस नाहीत, एका सिस्टीममधून (तारामंडळातून) दुसरीत नेणाऱ्या गेटवर तोफा नाहीत, कुणीही कुणालाही मारावं. पण रेलिक साइट (जुन्या अवशेषांची जागा) हॅक केली की जे हाताला लागतं ते हाय-सेकमध्ये तासन्तास घासूनही लागत नाही. फिटिंगसकट हेरॉन मला गेममधल्या पैशांत दीड-दोन मिलियनला पडायचं. आणि आपले रात्रीचे नऊ म्हणजे युरोपवाले अजून ऑफिसात, त्यामुळे कित्येक सिस्टीममध्ये लोकलच्या यादीत (तिथे कोण कोण आहे ते ती दाखवते) मी एकटाच.

एका रात्री तीन तासांत जहाजाच्या होल्डमध्ये ८० मिलियनचा माल जमला. रूममेट चहाचा कप घेऊन मागे उभा. म्हणे, "आता निघ." मी म्हटलं, एकच साइट अजून. तेवढ्यात लोकलमध्ये दुसरं नाव उगवलं, मी हॅकिंग सोडून डी-स्कॅन (आसपासची जहाजं दाखवणारा स्कॅनर) बडवत बसलो, काही दिसेना, मग ते नाव गेलंही. साइट उरकली, परत निघालो, बारा जंप, म्हणजे बारा गेट ओलांडायची. सातव्या की आठव्या जंपला कंटाळा केला आणि एका गेटवरून सरळ दुसऱ्या गेटला वॉर्प (वेगवान झेप) मारला (मध्ये एखाद्या ग्रहावर थांबून, डी-स्कॅन मारून, वेगळ्या कोनातून यायचं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं) आणि वाटेवर लावलेल्या बबलमध्ये, म्हणजे वॉर्प अडवणाऱ्या सापळ्यात, जाऊन पडलो. शत्रूचं इंटरसेप्टर, म्हणजे चपळ शिकारी जहाज, वाटच बघत होतं. हेरॉन गेलं, पाठोपाठ पॉडही (जहाज फुटल्यावर उरणारी पायलटची कुपी), कारण बबलमधून पॉडलाही वॉर्प मारता येत नाही.

हा मागून, "घालवलेस ना ८० मिलियन!"

मी म्हटलं, ८० नाही, दीड. माल स्टेशनात उतरला की माझा, तोवर तो वाटेवरचा. त्या महिन्यात माझी अकरा हेरॉन फुटली होती, म्हणजे धरून चाल वीस मिलियन, आणि घरी पोचलेला माल चारशेच्या वर. याला तोटा म्हणणाऱ्याला हिशोब येत नाही. त्याने ते कधी मान्य केलं नाही, आणि त्याच्या लग्नातसुद्धा बायकोच्या मामांना "याने एका रात्रीत ८० मिलियन उडवले" म्हणून माझी ओळख करून दिली, त्या बिचाऱ्यांना वाटलं रुपये.

तर तुझा प्रश्न. जो सेट गेल्यावर लगेच तसाच दुसरा घालून निघता येईल तोच घाल. पाच सेट बँकेत नसतील तर तो सेट तुझ्यासाठी महाग आहे, मग तो कितव्या टिअरचा का असेना. ब्लॅकमध्ये शिरतानाच अंगावरचं सगळं गेलं असं धरायचं. "मरायची भीती वाटते" म्हणजे तू महागडं घालून जातोयस, दुसरं काही नाही. आणि यलोत बसून कुणी श्रीमंत झालेला मी तरी पाहिला नाही.

सेफ झोनचंही काय सांगू. आमचा हा एफडीवाला रूममेट पुढे जिताहून, म्हणजे ईव्हच्या मोठ्या बाजारातून, सगळी जमापुंजी एकाच मालवाहू जहाजात भरून निघाला आणि उएदामा सिस्टीममध्ये, म्हणजे हाय-सेकमध्येच, चार-पाच स्वस्तातल्या कॅटॅलिस्ट जहाजांनी त्याला फोडलं. कॉनकॉर्ड, म्हणजे तिथली पोलीस, आली, त्या सगळ्यांना मारलं, पण तोवर ह्याचा कारभार आटोपला होता. ते पोलीस शिक्षा द्यायला येतात, वाचवायला नाही. मी फक्त एवढंच विचारलं, किती घालवलेस? तेव्हापासून तो त्या जहाजाचा विषय काढत नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो, त्याला सांगू नकोस. माझ्या हिशोबात एक भोक आहे. वाटेवरचा माल आपला नाहीच म्हटलं की परत कधी निघायचं हे कळतच नाही, कारण गमवायला काही नाहीच ना! शेवटच्या साइटला मी दीड मिलियन पणाला लावलेच नव्हते, ८० लावले होते, तेही फार तर पाच-सात मिलियनसाठी. ज्या क्षणी बॅगेतला माल अंगावरच्या गिअरपेक्षा महाग झाला त्या क्षणी तू वेगळा खेळ खेळतोयस, तेव्हा बँक गाठ. किती पट झाल्यावर, ते तुझं तू ठरव, मी हल्ली दहापटीला वळतो. निघतानाच ठरव मात्र, आत गेल्यावर आकडा वाढतो.

आणि हो, अल्बियनमध्ये वाटेत घोड्यावरून उतरून "एवढंच झाड तोडतो" करू नकोस.