निन्टेन्डोच्या स्विच गेम कन्सोलसाठी त्यांचाच प्रो कंट्रोलर महाग पडतोय, दुसऱ्या कंपनीचा कोणता घ्यावा?

आधी स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) बघा, बाकी नंतर. साध्या स्टिकच्या आत घासणारा संपर्क असतो. तो झिजला की मारिओ आपला आपणच डावीकडे चालू लागतो. माझा पहिला स्वस्तातला कंट्रोलर आठ महिन्यांत असाच गेला. हॉल इफेक्ट स्टिक चुंबकावर चालते, तिथे घासायला काही नसतंच.

म्हणून मी एटबिटडू कंपनीचा अल्टिमेट ब्लूटूथ सुचवेन: हॉल स्टिक, जायरो (कंट्रोलर हलवला-वळवला की ओळखणारा सेन्सर), चार्जिंग डॉक, मागे दोन जादा बटणं. जायरो नसलेला घेऊच नका, स्प्लॅटूनसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये नेम धरताना रडाल. अमीबो (निन्टेन्डोच्या चिप असलेल्या छोट्या बाहुल्या) टेकवायचे असतील तर मात्र त्यातली चिप वाचणारं एनएफसी लागतं, ते यात नाही.

स्विच २ असेल तर आधी नीट खात्री करा. २०२५ मध्ये तो आला तेव्हा बरेच जुने कंट्रोलर फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय जोडलेच जात नव्हते.